आधी पायाखालची जमीन, मग आठवण : आघातानंतर शरीराच्या अंगाने उपचार कसे घ्यावेत

'सोमॅटिक थेरपी', 'बॉडी बेस्ड थेरपी' हे शब्द आता मराठी घरांत पोहोचले आहेत. मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ बघून लोक घरीच प्रयोग करतात आणि आधीपेक्षा वाईट अवस्थेत माझ्यासमोर येऊन बसतात. कुणी डोळे मिटून अपघाताचा अख्खा प्रसंग आठवत बसलेलं असतं. कुणी अर्धा तास जोरजोरात श्वास घेतलेले असतात. कुणाला एखाद्या शिबिरात सगळ्यांसमोर 'रडून मोकळे व्हा' म्हणून बसवलेलं असतं आणि त्या रात्रीपासून झोप उडालेली असते. यातल्या बहुतेकांचा चुकलेला असतो तो क्रम. म्हणून इथे क्रमच सविस्तर लिहिते.

हा लेख मोठ्या माणसांसाठी आहे, आणि मुख्यतः एका प्रसंगातून बसलेल्या धक्क्यासाठी: रस्त्यावरचा अपघात, पूर, भूकंप, अचानक झालेलं मोठं ऑपरेशन, कुत्र्याचा हल्ला. लहानपणी वर्षानुवर्षं मार खाल्ला असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर टप्पा ५ पर्यंतचं घरी करता येईल. त्यापुढे एकट्याने जाऊ नका, अगदी बरं वाटत असलं तरी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ट्रॉमावर (आघातावर) केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीने आठवणीवर काम करणारा उपचार) या पद्धतींचा. शरीराच्या अंगाने जाणाऱ्या पद्धतींवर त्यामानाने कमी संशोधन झालं आहे. मी त्या या उपचारांच्या जोडीला वापरते. कुणी 'गोळ्या बंद करा, शरीर स्वतःच बरं करतं' असं सांगत असेल तर तिथून उठा.

टप्पा १ : सुरू करण्याआधीच्या तपासण्या

घटनेला महिना झाला आहे का, हे आधी बघा. पहिल्या काही आठवड्यांत दचकून जाग येणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं, अंग ताठ राहणं हे बहुतेकांना होतं आणि पुष्कळांचं हळूहळू आपोआप ओसरतं. त्या काळात झोप, वेळेवर जेवण आणि सोबतीला आपलं माणूस एवढंच पुरे. 'बोल, बोलून टाक' म्हणून मागे लागू नका. एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट वाढू शकतो. मात्र या काळातही झोप पूर्ण उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर महिना मोजत बसू नका. डॉक्टर गाठा.

धोका अजून चालू आहे का? घरात मारहाण होत असेल तर अंगाला भरणारं कापरं ही खरीखुरी सूचना आहे, ती शांत करायची नसते. आधी सुरक्षित व्हा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, थकवा यांचं कारण दरवेळी मनात नसतं. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि गरज वाटल्यास ईसीजी करून घ्या. थायरॉइड वाढलेलं असताना महिनोन्‌महिने श्वासाचे व्यायाम करत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

थांबा. फिट येत असतील, हृदयाचा आजार असेल, गरोदर असाल, आवाज ऐकू येत असतील, मधला वेळ कुठे गेला ते आठवत नसेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर पुढचं काहीही आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारून. चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या एकदम सोडल्या की जो त्रास होतो, तो हुबेहूब जुन्या भीतीसारखा वाटतो.

टप्पा २ : माणूस निवडणं

'ट्रॉमा हीलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्याच विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात. समुपदेशकांसाठी अशी एकच यादी नाही, म्हणून शिक्षण आणि सध्या ते कुणाच्या देखरेखीखाली काम करतात, हे विचारायला लाजू नका. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग या, अंगातल्या जाणिवांवर काम करणाऱ्या पद्धतीचं पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं. दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं सर्टिफिकेट आणि हे, दोन्ही सारखं नाही.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. मला मध्येच त्रास झाला तर तुम्ही काय करता? स्पर्श करता का, आणि दरवेळी विचारून करता का? माझ्या डॉक्टरांशी बोलायची तुमची तयारी आहे का?

स्पर्शाबाबत माझं मत कडक आहे. ज्या शरीराची हद्द एकदा मोडली गेली आहे, त्याला हात लावण्याआधी दरवेळी विचारायला हवं, आणि 'नको' म्हटल्यावर चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये. या उपचारात कपडे काढावे लागत नाहीत. खोलीचं दार तुम्हाला दिसेल अशी खुर्ची मागून घ्या. पहिल्याच दिवशी सगळा प्रसंग सांगायला लावणारा थेरपिस्ट मला नको वाटतो.

टप्पा ३ : जागा आणि वेळ

घरचा सराव खुर्चीवर करा, पलंगावर नाही. आडवं पडलं की काही जणांना ऑपरेशन टेबल किंवा ढिगाऱ्याखालची रात्र आठवते, आणि एरवीही पलंग झोपेसाठी राखून ठेवलेला बरा. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उंची कमी असेल तर खाली पाट ठेवा. वेळ सकाळची किंवा दुपार कलतानाची घ्या, रात्रीची घेऊ नका. उपाशीपोटी नको, भरपेट जेवूनही नको. दहा मिनिटांचा गजर लावा, पण सूर सौम्य ठेवा, कारण कर्कश आवाजाने दचकणाऱ्याला तोच आवाज नवा धक्का ठरतो.

डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे शांत व्हायचं म्हणजे डोळे मिटायचे, अशी सवय योगवर्गापासून लागलेली असते. आघात झालेल्या माणसाला मात्र मिटलेल्या डोळ्यांआड नेमका तोच प्रसंग दिसतो. शवासनात घाबरं होणाऱ्यांनी शवासन सोडून द्यावं, त्यात काही बिघडत नाही.

*तपासा :* घरात कुणाला तरी माहीत आहे ना, की ही दहा मिनिटं मी काय करतोय? दाराला आतून कडी घालू नका.

टप्पा ४ : पायाखालची जमीन

या टप्प्याला लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे. किमान दोन आठवडे रोज फक्त एवढंच करा.

४.१ बसल्यावर मान हळूहळू वळवत खोली बघा. नुसते डोळे फिरवू नका, मान वळू द्या. खिडकी, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातला पाण्याचा माठ. धोका शोधायचा नाही, जे आहे ते बघायचं. एखाद्या वस्तूवर नजर आपोआप रेंगाळली तर रेंगाळू द्या. पुष्कळदा इथेच एक लांब उसासा सुटतो किंवा जांभई येते. ती शरीर सैलावल्याची खूण आहे, दाबू नका.

४.२ तळपाय. चप्पल काढा. कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरातून बाहेर आलेल्या एका काकूंबरोबर (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) मी बसले होते. त्यांचा उजवा हात सतत पदराचं टोक पिळत होता. 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की पिळणं वाढायचं. मग मी म्हटलं, काकू, फरशी कशी लागते पायाला? शहाबादी फरशी होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. 'गार,' म्हणाल्या. मग, 'गार आहे, पण कोरडी आहे.' 'कोरडी' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि पदर हातातून सुटला. त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच थांबलो.

४.३ अंगात बरी जागा शोधा. संपूर्ण शरीरात जिथे त्रास नाही किंवा कमी आहे अशी एक जागा: कानाची पाळी, पोटरी, खुर्चीला टेकलेली पाठ. 'छान' वाटायची गरज नाही, 'ठीक' पुरे. हाच तुमचा मुक्काम. पुढच्या प्रत्येक टप्प्यात इथे परत यायचं आहे.

*श्वासाबद्दल.* नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे सात-आठ श्वास पुरेत. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून बाहेरचा श्वास लांबवायचा. पण श्वासाकडे लक्ष गेलं की छाती आवळत असेल, तर श्वास सोडून द्या आणि पायांकडे या. जोरात आणि भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने ओठ-बोटं झिणझिणतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला आता आपण मरणार असं वाटतं. म्हणून कपालभाती, भस्त्रिका आणि शिबिरांमधला तासभराचा 'ब्रेथवर्क' सध्या बाजूला ठेवा.

*तपासा :* सलग पाच दिवस, सुरुवातीपेक्षा शेवटी थोडं तरी निवल्यासारखं वाटलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, याच टप्प्यावर आणखी एक आठवडा काढा.

टप्पा ५ : अंगातल्या खुणांना नावं द्या

थेरपीत विचारतात, 'शरीरात काय जाणवतंय?' आणि माणूस म्हणतो, 'टेन्शन.' टेन्शन हे अंगातल्या खुणेचं नाव नव्हे. मराठी बोलणाऱ्याला खरं तर इथे अडायला नको. आपली भाषा भीती अंगातूनच सांगते: पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाला कोरड पडते, आवंढा अडकतो, दातखीळ बसते, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, मुंग्या येतात, पाय लटपटतात, डोकं सुन्न होतं. आजीच्या तोंडचे हे शब्द कागदावर लिहा आणि समोर ठेवा.

आता तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका. 'पोटात गोळा आहे, मुठीएवढा, घट्ट' ही खूण. 'भीती वाटते' ही भावना. 'पुन्हा पूर येणार आणि आपण अडकणार' ही गोष्ट. सराव पहिल्या पायरीवर करायचा. मन गोष्टीकडे पळालं की रागावू नका, परत विचारा: गोळा किती मोठा आहे? गरम की गार? हलतो की एका जागी आहे? पंधरा-वीस सेकंद बघा आणि मुक्कामाच्या जागी परत या.

खूण बघायची आहे, घालवायची नाही. 'गोळा जाईपर्यंत बसायचं' ठरवलं की तो हटून बसतो.

ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांनी घाबरू नये. सुन्नपणा हीही खूणच आहे. हाताला गरम चहाचा कप लावा, दोन तळवे एकमेकांवर घासा, दंड हलकेच दाबा. सुन्नपणाची कड कुठे संपते ते बघा, मधोमध घुसू नका.

टप्पा ६ : थेंबभर आठवण आणि परत

हा टप्पा पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करा. त्यांनी दोन-तीनदा करून घेतल्यावर मगच घरी.

नियम असा की प्रसंगाच्या मधोमध जायचं नाही, कडेला उभं राहायचं. पूर असेल तर पाणी घरात शिरलं तो क्षण नको. छावणीत कुणीतरी पहिला गरम चहा हातात दिला, तिथून सुरू करा. अपघात असेल तर धडक नको. त्या सकाळी गाडीची किल्ली उचलली तो क्षण घ्या, किंवा मदतीला पहिला माणूस धावत आला तो.

६.१ शून्य ते दहा असा त्रासाचा आकडा ठरवा. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे असह्य. बसताना आकडा दोन-तीनच्या वर असेल तर आज आठवण काढायची नाही, फक्त टप्पा ४.

६.२ कडेची आठवण वीस ते तीस सेकंद. आकडा चारपर्यंत चढू द्या, त्यापुढे नाही.

६.३ मुक्कामाच्या जागी या. आकडा पुन्हा खाली येईपर्यंत थांबा. जायला लागला त्याहून परत यायला जास्त वेळ लागला तरी चालेल, किंबहुना तसाच लागायला हवा.

६.४ अशा तीन फेऱ्या. चौथी नाही.

झोपाळा पुढे जातो आणि मागे येतो, तसं हे आहे. लोकांना वाटतं पुढे जाणं हे खरं काम आणि परत येणं म्हणजे माघार. शरीराला जे शिकवायचं आहे ते परतीच्या वाटेवरच शिकवता येतं: घाबरता येतं आणि त्यातून बाहेरही येता येतं.

थांबा. आकडा सहाच्या वर गेला, आवाज दुरून आल्यासारखे वाटले, आपलंच शरीर परकं वाटलं, जीभ जड झाली किंवा समोरची खोली धूसर झाली, तर आठवण तिथेच टाका. उभे राहा. आपलं नाव, आजची तारीख, गावाचं नाव मोठ्याने म्हणा. समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या. तळहातावर गार पाणी घ्या. त्या आठवड्यात पुन्हा टप्पा ६ नाही.

टप्पा ७ : अडलेली हालचाल

धोक्यात शरीर पळायला, ढकलायला, ओरडायला सज्ज होतं आणि कधीकधी यातलं काहीच करता येत नाही. गाडीत अडकलेलो असतो, वर कुणीतरी दाबून धरलेलं असतं, भूल दिलेली असते. ती अर्धी राहिलेली हालचाल पुढे अंगात दिसत राहते.

खंबाटकी घाटातल्या अपघातानंतर एक गृहस्थ मागच्या सीटवर बसले तरी उजव्या पायाने जमीन दाबायचे. घरच्यांना ती खोड वाटायची, त्यांना स्वतःला लाज. आम्ही त्या पायाकडेच बघायचं ठरवलं. भिंतीला जाड लोड टेकवला आणि मी म्हटलं, ब्रेक लावा, पण एवढा हळू की पूर्ण लागायला मिनिट लागलं पाहिजे. टाच टेकली, मांडी ताठली, लोड दबत गेला. गाडी थांबली, असं ते स्वतःच म्हणाले. मग गुडघ्यातून बारीक थरथर सुरू झाली. मी विचारलं, ही सोसवतेय का? त्यांनी मान हलवली. दोन मिनिटांत ती आपोआप ओसरली आणि ते मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागले. मागच्या सीटवरचा पाय सुटायला पुढे आणखी बऱ्याच बैठका लागल्या, हेही सांगायला हवं.

घरी करायचं असेल तर फक्त हे: भिंतीसमोर उभे राहा, दोन्ही तळवे टेकवा, सावकाश ढकला, तितक्याच सावकाश सोडा. तीन वेळा. खांदे किंवा मान दुखत असेल तर नको.

नेहमीची चूक म्हणजे जोर लावणं. उशीवर गुद्दे मारणं, किंचाळणं, मुद्दाम अंग थरथरवणं यातून काही जणांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण अनेकांचा आकडा चढतच जातो आणि उतरायला दोन दिवस घेतो. थरथर आपणहून आली तर येऊ द्या, ओढून आणू नका. तोंडाला फेस, शुद्ध हरपणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही झालं तर ती फिट असू शकते. दवाखान्यात जा.

टप्पा ८ : उतरणं

बैठक तासाभराची असेल तर शेवटची दहा मिनिटं उतरण्यासाठी राखून ठेवायला थेरपिस्टला आधीच सांगा. वेळ संपली म्हणून आठवणीच्या मध्यावरून उठून रिक्षा पकडायची, ही मला आजवर दिसलेली सर्वांत घातक चूक आहे. पाणी प्या, काहीतरी चावून खा. पोळीभाजीचे चार घास चालतील. पंधरा मिनिटं चाला. लगेच दुचाकी चालवू नका. त्या दिवशी भांडण मिटवायला, राजीनामा द्यायला किंवा घरच्यांना 'सगळं सांगून टाकायला' जाऊ नका.

वहीत तीन ओळी: आकडा किती होता, किती झाला, अंगात कुठे काय होतं, रात्री झोप किती. बाकी काही लिहू नका, प्रसंगाचं वर्णन तर नाहीच. महिन्याभराने चाळलं की हळूहळू पडलेला फरक दिसतो: दचकणं तेवढंच असेल, पण भानावर यायला तासाऐवजी दहा मिनिटं लागत असतील.

सलग तीन रात्री झोप नाही, वाईट स्वप्नं वाढली, घरात चिडचिड वाढली, तर सराव जास्त होतोय. टप्पा ४ वर परत या आणि थेरपिस्टना कळवा. जीव नकोसा वाटला तर वाट बघू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, विनाशुल्क, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

घरच्यांसाठी

मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. समोर या, नावाने हाक मारा, मग जवळ बसा. 'विसरून जा आता' आणि 'किती दिवस तेच' ही दोन वाक्यं महिनाभर तरी टाळा. माणूस गोठल्यासारखा झाला असेल तर प्रश्न विचारत सुटू नका. 'मी इथे आहे, तू घरात आहेस, आज मंगळवार आहे' एवढं संथपणे म्हणा.

तारखा आणि पावसाळा

शरीर कॅलेंडर पाळतं. किल्लारीच्या भागात १९९३ च्या भूकंपाची तारीख, ३० सप्टेंबर, जवळ आली की झोप उडणारी माणसं आहेत. आपली तारीख वहीत आधीच लिहून ठेवा. तिच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा टप्पा ६ आणि ७ बंद, फक्त जमीन. शक्य असेल तर ती रात्र एकट्याने काढू नका.

पूरग्रस्त भागातल्यांसाठी आणखी एक. दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पंचगंगेची पातळी बघत राहिलं की अंग दिवसभर पळायच्या तयारीत राहतं. दिवसातून दोन वेळा ठरवा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि तेव्हाच बघा. पण कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं, की सराव बाजूला ठेवा. कागदपत्रं, औषधं आणि ही वही पिशवीत भरा, जनावरं सोडवा आणि प्रशासन सांगेल तिकडे निघा. ४३ फुटांची, म्हणजे धोका पातळीची वाट बघू नका. अशा वेळी छातीत होणारी धडधड बरोबर असते, तिचं ऐका. छावणीत पोहोचलात, कोरड्या जमिनीवर बसलात, की चप्पल काढा आणि टप्पा ४.२ पासून सुरू करा.